कांद्याच्या यार्डातून सीलच्या लिलावाला

सीलचं कातडं मऊ असतं असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. ते मऊ नसतं. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत लागतं आणि उलटा फिरवला तर नव्या केरसुणीसारखं टोचतं. परत आल्यापासून मी हे पंचवटीतल्या बऱ्याच लोकांना सांगितलं. त्यावर पहिला प्रश्न असा येतो, की तुम्ही कशाला हात लावायला गेला होतात. म्हणून एकदा सविस्तर लिहून काढतो.

मी तीस वर्षं कांद्याचा लिलाव पुकारला. ज्यांनी आमचं यार्ड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सकाळी कांद्याचे ट्रॅक्टर ओळीनं उभे असतात आणि पुकारणारा व्यापाऱ्यांचा घोळका घेऊन एकेका ट्रॉलीपुढून चालत जातो. शेतकरी ट्रॉलीवर उभा असतो. व्यापारी कांदा हातात घेऊन दाबतात, नाक मुरडतात, मग बोली चढते, एकवार, दोनवार, तीनवार, की पुढची ट्रॉली. त्या कांद्यात शेतकऱ्याचे चार महिने गेलेले असतात आणि भाव ठरायला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही. भाव पटला नाही तर त्याला नाही म्हणता येतं. मग तो ट्रॅक्टर फिरवून माल घरी नेतो. हक्क त्याचा आहे, पण तो बजावताना त्याच्या तोंडाकडे पाहवत नाही.

स्वाती ही आमची एकुलती एक मुलगी. मालाची ने-आण कशी करावी हे शिकायला ती कॅनडात गेली. दिंडोरीचे पिकअपवाले हे काम न शिकता करतात, पण तिकडे त्याचा कोर्स असतो. कोर्स संपला आणि तिला एका लिलाव कंपनीत नोकरी लागली. कशाचा लिलाव, ते आम्हाला बरेच दिवस कळलं नाही. 'नॅचरल प्रॉडक्ट' असं ती सांगायची. आमच्या मंगलला, म्हणजे माझ्या मंडळींना, वाटलं मध.

एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना स्वातीच्या मागून एक माणूस खांद्यावर कोल्हे टाकून गेला. पाच-सहा तरी असतील, शेपट्या लोंबत होत्या. मंगल माळकरी आहे. अंडं ज्या पिशवीतून आलं ती पिशवीसुद्धा ती पुन्हा वापरत नाही. तिनं फोन माझ्या हातात दिला आणि ती देवघरात जाऊन बसली. तिथून बाहेर आली ती ठराव करूनच.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "डोळ्यांनी पाहून या. अन् तिला सांगा, हे काम सोड म्हणावं. दुसरं काय बी कर. पाव्हण्यांना मी एक्सपोर्ट सांगितलंय, तेवढंच लय झालं."

त्याच आठवड्यात स्वातीचा मला एकट्याला फोन आला. "नाना, या लिलावात मला पुकारायला देणारेत. सीलचे लॉट. आईला इतक्यात सांगू नका."

तिच्या कंपनीत सीलचे लॉट नवशिक्याला देतात, कारण ते कुणीच घेत नाही. खपले तर पुढच्या लिलावात दुसरी कातडी पुकारायला मिळतात. नाही खपले तर परत ऑफिसात, पावत्यांच्या टेबलावर. तर असा मी निघालो. बॅगेत पोह्यांचा चिवडा, दिंडोरीचे बेदाणे आणि माकडटोपी. पोटात बायकोचा निरोप आणि लेकीचं गुपित. विमानतळावर बॅग उघडून पाहिली, पण त्यांना फक्त चिवड्याबद्दल शंका आली.

गोठलेलं तळं

ओंटारिओ प्रांताच्या उत्तर भागात ते गाव आहे. मोठ्या तळ्याच्या काठावर, आणि मार्च महिना असल्यामुळे तळं दगड झालेलं. लोक त्यावरून मोटारी नेतात. मधोमध टपऱ्या टाकून, बर्फाला भोक पाडून, आत गळ सोडून बसतात. मी स्वातीला विचारलं, बर्फ फुटला तर? ती म्हणाली, "फुटत नाही नाना. त्यांना कळतं." आमच्या गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, गाडी न्यायची तर पूल बांधावा लागतो, आणि पूल उतरला की माणूस द्वारका चौकात अडकतो. इथे पूल नाही आणि अडकायलाही कुणी नाही.

पहिल्याच सकाळी मी तिच्या दारात घसरून पडलो. समोरच्या घरातला एक गृहस्थ फावडं टाकून धावत आला, मला उभं केलं, अंगावरचा बर्फ झटकला, हवा छान आहे असं काहीतरी म्हणाला आणि परत फावडं मारायला गेला. आपल्याकडे कुणी पडलं की आधी दहाजण जमतात, मग कुठून आला, कुणाकडे आला, मग हळद. इथे उचलून ठेवतात आणि विषय संपतो. मला कंबरेपेक्षा त्याचंच जास्त लागलं.

स्वाती एका खोलीत राहते. कोपऱ्यात विठोबाचा फोटो आहे. फ्रिजमध्ये मेथी निघाली, तीही चांगली. मी कपाटंसुद्धा उघडून पाहिली. आईनं सांगितलंय म्हणून पाहतोय, असं तिला सांगितलंही. ती म्हणाली, "पाहा. अंडी नाहीत." मग दोघांनी चिवडा खाल्ला.

गोदाम

लिलावाआधी दोन दिवस माल पाहायला ठेवतात. गोदाम आपल्या मंगल कार्यालयाएवढं आहे आणि त्यात लोखंडी दांड्यांवर कातडी टांगलेली असतात, ओळीमागून ओळ. बीव्हर नावाचा पाण्यातला एक मोठा उंदीर, मुंगसाचे भाऊबंद, कोल्हे, लांडगे. वास येतो, पण मेलेल्याचा नाही. जुन्या सतरंज्यांची खोली बरेच दिवसांनी उघडली तर येतो तसा येतो. पांढरे कोट घातलेले खरेदीदार कातडं झटकतात, केसांत फुंकर मारतात आणि नाक मुरडतात. ते नाक मुरडणं पाहिलं आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

प्रतवारीही आपल्यासारखीच. आमच्याकडे बारीक कांदा गोल्टी म्हणून वेगळा काढतात आणि खराब कांदा खाद म्हणून वेगळा. तिथे लहान कातडं वेगळं, भोक पडलेलं वेगळं, उन्हाळ्यात धरलेलं वेगळं. स्वाती मला एकेक दाखवत होती आणि मी मान डोलावत होतो. मध्येच तिनं विचारलं, "नाना, कसंतरी होतंय का?" खरं सांगायचं तर लांडग्यांजवळ झालं होतं. त्यांचे कान तसेच होते. मी तिला म्हणालो, थंडी आहे जरा.

मंगल चातुर्मासात कांद्याला शिवत नाही आणि आमचं घर तीस वर्षं कांद्यावर चाललं. आपण जे खात नाही ते विकायचं नाही, असा नियम आमच्या घरात कधीच नव्हता. हे मी त्या लांडग्यांपुढे उभं राहून स्वतःला सांगितलं. नीटसं पटलं नाही, पण पुढे चालायला पुरलं.

सीलची ओळ अगदी शेवटी होती, तीही छोटी. करडी कातडी, पाठीवर चंदेरी कड्या, कुणी ओल्या पेल्याचे ठसे उमटवावेत तशा. त्यांच्यापुढे कुणी उभंही राहत नव्हतं. तिथेच मी हात फिरवला, आधी सुलटा आणि मग उलटा.

डगशी ओळख तिथेच झाली. डग म्हणजे तिथला मुख्य पुकारणारा, माझ्याच वयाचा, घसा माझ्यासारखाच बसलेला. तो पेपरमिंट चघळतो. मी त्याला ज्येष्ठमधाची काडी दिली. त्यानं ती तोंडात धरली आणि अर्धा तास काढली नाही, त्यावरून माणूस बरा आहे हे कळलं. माझं इंग्रजी व्यापाऱ्यांपुरतं आहे, म्हणून मध्ये स्वाती बसली.

डगनं सीलच्या भावाची कथा सांगितली. त्याच्या तरुणपणी सीलची पाळी आली की लोक खुर्च्या धरायला पळत. मग पांढऱ्याशुभ्र पिल्लांचे फोटो जगभर गेले, युरोपनं दार लावलं आणि भाव बसला. पुढे रशियाकडे माल जाऊ लागला, भाव जरा उठला, लोकांनी पुन्हा होड्या रंगवल्या. मग युरोपनं आणखी कडक कायदा केला आणि मागोमाग रशियाचंही दार लागलं. उत्तरेकडच्या इनुइट लोकांचा सील युरोपला चालेल अशी सूट आहे, पण एकदा बंदी म्हटल्यावर दुकानदार कागद वाचत बसत नाही. हल्ली विकतो तो त्यांच्याच देशात, बूट आणि हातमोजे शिवणाऱ्यांना, तोही थोडका. बाकीचे गठ्ठे आले तसे परत जातात.

मी म्हणालो, आमच्या कांद्याचं असंच होतं. भाव जरा वर आला की निर्यातबंदी येते. बंदी उठते तोवर बाहेरच्या गिऱ्हाइकानं दुसऱ्या देशाचा कांदा बांधलेला असतो.

डगनं विचारलं, "तुमच्यावर बंदी कोण घालतं? युरोप?"

"नाही," मी म्हणालो. "आमचं आम्हीच घालतो."

डगनं ज्येष्ठमधाची काडी बाहेर काढून तिच्याकडे पाहिलं आणि हे त्यांच्यापेक्षा वाईट आहे असं सांगितलं.

इलिसापी

जेवणाच्या खोलीत एक बाई एकटी बसली होती. पन्नाशीच्या पुढची, अंगात सीलचं जाकीट. ती इनुइट, नाव इलिसापी. उत्तरेच्या एका बेटावरून, जिथे जायला रस्ताच नाही, तिथून विमानं बदलत ती आली होती. पहिला लॉट तिच्या गावचा होता. काही कातडी तिच्या भावानं आणलेली, बाकी शेजाऱ्यापाजाऱ्यांची. मालापाठोपाठ मालकानं यायची तिथे पद्धत नाही. माल येतो, मालक घरी बसून फोनची वाट पाहतो. ही मात्र आली होती. का, विचारलं तर म्हणाली, कोण घेत नाही ते एकदा पाहायचं आहे.

तिनं पिशवीतून काळपट वाळवलेल्या पट्ट्या काढल्या आणि माझ्यापुढे धरल्या. मी स्वातीला मराठीत विचारलं, काय आहे? स्वाती म्हणाली, "सील."

"सांग तिला, आज एकादशी आहे."

एकादशी नव्हती. स्वातीनं उपासाचं समजावून सांगितलं. इलिसापीनं विचारलं, किती दिवस असतो. स्वाती म्हणाली, "नानांचा जन्मभर." इलिसापी हसली नाही. तिनं पट्ट्या गुंडाळल्या आणि मी पुढे केलेले बेदाणे घेतले. बघता बघता अर्धी पुडी तिनं संपवली. द्राक्षं उन्हात वाळवतात हे ऐकून तिला नवल वाटलं. त्यांच्याकडे सगळं वाऱ्यावर वाळतं.

मंगलनं एक प्रश्न मुद्दाम विचारायला सांगितला होता. बाईमाणूस आहे, पण निरोप तो निरोप, म्हणून मी विचारलं. पिल्लं मारता का?

"नाही," ती म्हणाली. "मोठे मारतो. मांस गाव खातं. माझ्या आईला दात नाहीत, तिला कालवण लागतं. कातडं उरतं ते विकतो. ज्यांचे फोटो निघाले ती पिल्लं आमच्याकडची नव्हतीच. भाव आमचा पडला."

तिचे वडील कातडी विकून बर्फावरच्या गाडीचं इंधन भरत आणि वर घरात सामान येई. आता भाऊ शिकारीला जातो तेव्हा इंधन तिच्या शिवणकामातून येतं. मी म्हणालो, मग हे विकायला कशाला आणलंत, शिवायचं होतं. ती म्हणाली, सगळ्या गावाचं एकटीनं किती शिवू? ती म्हणाली ते बरोबरच होतं.

आदली संध्याकाळ

स्वातीनं फ्रिजपुढे उभं राहून सराव केला. मी खुर्चीत बसून ऐकलं. आवाज माझाच आहे, फक्त स्वच्छ. आकडे पटपट येत होते. आमच्या यार्डातलं चालणं तिथे नसल्यामुळे ती जागच्या जागी पाय बदलत होती. मी तिला सांगितलं, श्वास आकड्याच्या आधी घे, आकड्यानंतर नको. तिनं घेऊन पाहिला, तर जमला.

मग मी मुख्य गोष्ट सांगितली. पहिला भाव फुटला पाहिजे. पहिल्या ट्रॉलीला कुणी बोललं नाही तर पुढच्या पन्नास ट्रॉल्या हात बांधून उभ्या राहतात. म्हणून कुणी बोललं नाही तर पुकारणाऱ्यानं स्वतःच एक आकडा टाकायचा, भाव फोडायचा. मग कुणाला तरी लाज वाटते आणि तो वर चढतो. तीस वर्षांत माझ्यापुढून एकही ट्रॉली न बोलता गेली नाही. भाव न पटल्यामुळे गेल्या, पण मुक्या नाही गेल्या.

"नाना, इथं तसं चालत नाही," स्वाती म्हणाली. "ज्यानं नाव नोंदवलंय, ज्याला नंबर मिळालाय, त्याचीच बोली. मी स्वतः आकडा टाकला तर माझी नोकरी जाईल."

"मग भाव कोण फोडतं?"

"नाही फुटला तर नाही फुटला."

हे मी ऐकलं, मला समजलं आणि मी हो म्हणालो. पुढे जे झालं त्यावरून कुणाला वाटेल की मला माहीत नव्हतं. मला पूर्ण माहीत होतं.

भाकरी झाल्यावर मी निरोपासाठी घसा खाकरला. ती तव्याकडे पाहत म्हणाली, "जे काय आईचं असेल ते उद्यानंतर सांगा." मी पाणी मागितलं.

लिलाव

हॉलमध्ये गालिचा आहे. गालिच्यावर लिलाव होतो हे मला शेवटपर्यंत पटलं नाही. खरेदीदार खुर्च्यांवर बसतात, हातात जाड पुस्तक, त्यात प्रत्येक लॉटचा तपशील. समोर मोठा पडदा, कारण निम्मे खरेदीदार हल्ली आपापल्या देशात बसून बटण दाबतात. कुणी कुणाच्या पाठीवर थाप मारत नाही. एकजण बोली लावताना फक्त चष्मा वर सरकवत होता. सकाळभर डगनं पुकारलं, आणि चांगलं पुकारलं. त्याची लय आमच्यापेक्षा संथ आहे, पण माणूस कुठेही अडखळत नाही.

जेवणानंतर सीलची पाळी. त्या वेळेला पुष्कळ जण फोन करायला बाहेर गेले, काही आपसांत बोलत बसले. स्वाती वर चढली. निळा कोट, केस घट्ट बांधलेले. मी पाहुण्यांच्या रांगेत, गळ्यात पाहुण्याचं कार्ड. शेजारी इलिसापी, मांडीवर पुस्तक, पण मिटलेलं.

स्वातीनं पहिला लॉट वाचला. सुरुवातीचा आकडा सांगितला. कुणी बोललं नाही. तिनं आकडा खाली आणला. कुणी बोललं नाही. आणखी खाली आणला. पुढच्या रांगेतला एकजण पेन्सिलीला टोक करत होता, त्याचाच काय तो आवाज. इलिसापी सरळ समोर पाहत होती. स्वातीनं श्वास घेतला, आकड्याच्या आधी, मी सांगितला तसा. तिच्यापुढून पहिलीच ट्रॉली मुकी चालली होती.

मी उभा राहिलो आणि बोली लावली. मोठ्यानं, यार्डात लावतात तशी, हात वर करून. आकडा मराठीत होता आणि क्विंटलचा होता.

सगळा हॉल मागे वळला. पेन्सिलवाला थांबला. त्या हॉलमध्ये मी काय बोललो ते फक्त एकाच माणसाला कळलं होतं, आणि ती वर उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच आवाजात, तिथल्या भाषेत ती म्हणाली, "बोली फक्त नोंदणी झालेल्या खरेदीदाराची. लॉट खुला आहे." दाराजवळची एक मुलगी माझ्याकडे आली आणि नंबर आहे का म्हणून हळूच विचारलं. मी पाहुण्याचं कार्ड दाखवलं. तिनं मला खाली बसायला सांगितलं. कुणीतरी हसलं.

स्वाती तेवढाच वेळ थांबली जेवढा थांबायचा असतो. मग म्हणाली, "विक्री नाही. पुढचा लॉट."

मला राग आला. ज्यानं तिला आकडे शिकवले त्याला तिनं चारचौघांत बसवलं होतं. मग पुढचा लॉट सुरू झाला, आणि तिचा आवाज तसूभरही हलला नव्हता. आवाज हलला असता तर पुढचे सगळे लॉट गेले असते, हे मी तीस वर्षं करून जाणतो. रागाबरोबरच मला भरून आलं. दोन्ही एकदम येतं हे मला या वयात कळलं. मी माकडटोपी खाली ओढली.

दुसऱ्या लॉटला पेन्सिलवाल्यानं बोली लावली. तो बूट शिवणाऱ्या कारखान्याचा निघाला. तिसरा गेला. चौथा परत. पाचव्याला पडद्यावरून कुणीतरी त्याच्याशी झुंजलं आणि भाव चक्क चढला, बाहेर फोनवर असलेले दोघे आत येऊन उभे राहिले. निम्म्याहून जास्त गठ्ठे खपले. डग भिंतीला टेकून ऐकत होता.

शेवटी न खपलेले लॉट आणखी एकदा पुकारतात. इलिसापीचा लॉट पुन्हा आला. या वेळी पडद्यावरून बोली आली, पण अगदीच पडेल. इलिसापीनं आधीच सांगून ठेवलं होतं, भाव एवढा खाली आला तर मला विचारा. स्वातीनं तिच्याकडे पाहिलं. पहिला लॉट गेला तर नवशिकीचं नाव होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. इलिसापीनं मान हलवली. स्वातीनं आग्रह केला नाही, आणखी एकवार विचारलंही नाही.

"विक्री नाही," ती म्हणाली, आणि खाली उतरली.

इलिसापीनं माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही घेतलं असतंत तर काय केलं असतंत त्याचं?"

"माहीत नाही."

"मग बरं झालं." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुमच्याकडे कांदा परत नेतात, त्याचं पुढे काय होतं?"

"थोडे दिवस टिकतो. मग सडतो."

"कातडं टिकतं," ती म्हणाली, आणि उठून आपला गठ्ठा शोधायला गेली.

निघताना तिनं मला हातमोज्यांचा जोड देऊ केला. तिनं स्वतः शिवलेला, पाठीवरच्या त्या कड्या बरोबर पंजावर आलेल्या. मी हात पुढे केला आणि स्वातीनं मराठीत सांगितलं, "नाना, नेता येणार नाहीत. आपल्याकडेही सीलच्या कातड्याला बंदी आहे." हे तिला सांगायचं माझ्या जिवावर आलं. सांगितलं. इलिसापीला नवल वाटलं नाही. तिनं मोजे पिशवीत ठेवले आणि उरलेले बेदाणे मागून घेतले.

डगनं स्वातीला पुढच्या लिलावात बीव्हर दिले. का, ते त्यानं मला सांगितलं नाही, फक्त ज्येष्ठमध आणखी आहे का विचारलं. मी होता नव्हता तो सगळा दिला. घरी येताना गाडीत स्वाती म्हणाली, "आता सांगा, आईचा काय निरोप आहे?"

"चिवडा वेळेवर संपव म्हणाली."

ती रस्त्याकडे पाहत गाडी चालवत राहिली. तळ्याच्या वळणावर म्हणाली, "नाना, आकडा चांगला होता तुमचा."

पंचवटी

परत आलो तेव्हा नाशकात ऊन तापलेलं होतं. मंगलनं आधी कंबर पाहिली, मग पन्हं दिलं, मग समोर बसली. मी सगळं सांगितलं, गुपितसुद्धा, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता. लांडगे, कातडी, दात नसलेली म्हातारी, पिल्लांचं. ती ऐकत राहिली. लिलावाचं सांगितलं तेव्हा मात्र तिनं मध्येच थांबवलं.

"तुमची बोली घेतली नाय?"

"नाय."

"सगळ्यांदेखत?"

"सगळ्यांदेखत. खाली बसवलं."

ती उठली, पेला विसळला, पुन्हा येऊन बसली. "निरोप सांगितला का?"

"राहिला."

"राहू द्या," ती म्हणाली. "पण तुळशीची माळ हाय ना गळ्यात तिच्या?" मी हो म्हणालो. आहे ती.

दोन दिवसांनी शेजारच्या गुरुजींकडच्या काकू वाटी परत द्यायला आल्या. त्यांच्याकडे यात्रेकरू उतरतात, त्यामुळे त्यांना सगळ्यांचं सगळं विचारायची सवय आहे. मी आत पेपर वाचत होतो. काकूंनी विचारलं, "तुमची स्वाती तिकडे एक्सपोर्टमध्ये आहे ना हो?"

"एक्सपोर्ट नाय," मंगल म्हणाली. "लिलाव पुकारती ती."

"अगंबाई. कशाचा?"

मी पेपर खाली घेतला. बाहेर वाटी फरशीवर ठेवल्याचा आवाज आला.

"कशाचा का असंना," मंगल म्हणाली. "बापाची बोली घेत नाय ती."